व्हाया खसखस

लेकीकडून गोड बातमी आली तेव्हा फ्रीमाँटमध्ये रात्र होती आणि पुण्यात सकाळ. मी देवापुढे साखर ठेवायला उठले. हे उठले ते वही आणायला.

दोनशे पानी, लांब, पुठ्ठा बांधणीची वही. पहिल्या पानावर लाल शाईने ‘मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : तौलनिक तक्ता’ असं लिहून ह्यांनी त्याखाली पट्टीने दोन रेघा मारल्या आणि मग फोन माझ्या हातातून घेऊन लेकीला विचारलं, “डॉक्टरांनी तारीख काय दिलीय?” तिला वाटलं, बाबाला गहिवरून आलंय. बाबाला रकाना भरायचा होता.

ह्यांची सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. निवृत्तीला सहा वर्षं झाली, पण अजूनही दूधवाल्याच्या बिलावर ‘तपासले’ असा शेरा आणि खाली बारीक सही पडल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. म्हणजे घरात एकीला जग कुठे आहे ते माहीत आणि दुसऱ्याला ते कितीला पडतं ते. एवढं भांडवल असताना इकॉनॉमीची दोन तिकिटं काढायला किती वेळ लागावा? साडेतीन महिने लागले.

आमच्या सोसायटीत तेवीस फ्लॅट, आणि त्यातल्या सतरा घरांतली मुलं ‘तिकडे’. वार्षिक सभेला कोरम भरत नाही, पण जिन्यात कुणी नुसतं “तुम्ही कुठून जाताय?” म्हटलं की तिथल्या तिथे सभा भरते. गाण्यात जशी घराणी तशी इथे व्हायांची. दुबई घराणं, दोहा घराणं, फ्रँकफुर्ट घराणं. दुसऱ्या मजल्यावर एकटंच सिंगापूर घराणं आहे, त्याचा शिष्यपरिवार काही वाढला नाही. प्रत्येक घराण्याचा दुसऱ्यावर आक्षेप एकच : “तिथे चालायला फार लागतं हो.” सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी तर मुळालाच हात घातला. ८ जून १९४८ला ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून लंडनला निघालं, एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण ते, आणि तेसुद्धा कैरो आणि जिनिव्हा करत गेलं. “थेट जायची आपल्याला सवयच नाही,” आजोबा म्हणाले. ते वाक्य ह्यांनी वहीत ‘संकीर्ण’मध्ये नोंदवलं.

मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट जाणारं विमान तेव्हा, म्हणजे २०२३ साली, होतं. पण किती सरळ जातं ते बघू म्हणून मी निरोपसमारंभात मिळालेला पृथ्वीगोल माळ्यावरून काढला आणि शिवणाचा दोरा आणला. मुंबई ७३ अंश पूर्व, सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिम. पश्चिमेकडून निघालं तर १९५ अंश ओलांडायचे, पूर्वेकडून १६५. “म्हणजे सिंगापूरवाले बरोबर आहेत!” हे म्हणाले. मी म्हटलं, थांबा, आणि दोरा ताणून धरला. दोरा पूर्वेलाही गेला नाही आणि पश्चिमेलाही. सरळ वर चढला, सैबेरियावरून उत्तर ध्रुवाच्या दिशेने गेला आणि पलीकडे अलास्कावरून कॅलिफोर्नियात उतरला. साडेतेरा हजार किलोमीटर. लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर नवरा आपल्याकडे आदराने बघतोय, हे मी दोऱ्याची दोन टोकं धरून पुरेपूर बघून घेतलं. मग ह्यांनी विचारलं, “ध्रुवावर भाडं कमी होतं का?”

होत नव्हतं. थेट विमान सगळ्यांत महाग होतं, आणि एकाच खुर्चीत सोळा-सतरा तास म्हणजे कचेरीचे दोन दिवस, मधली घरची रात्र वजा. फ्रँकफुर्टवरून नऊ तास आणि साडेअकरा तास असे दोन तुकडे पडत होते. दुबईवरून तीन आणि सोळा. हा तीन तासांचा तुकडा मला नेहमी फसवा वाटतो; पुणे-मुंबई टॅक्सीला खंडाळ्याच्या घाटात त्याहून जास्त लागतात. ह्यांचा प्रश्न मात्र मूलभूत होता : एकच मोठं दुखणं बरं की दोन मध्यम? त्यावर घराघरांत मतं आहेत, आणि ती गुडघ्यांवर अवलंबून आहेत.

गुडघ्यांवरून आठवलं. इकॉनॉमीत दोन ओळींमधलं अंतर बहुतेक ठिकाणी ३१ ते ३२ इंच असतं, हे ह्यांना कुठेतरी सापडलं. लगेच टेप निघाली. डायनिंगची एक खुर्ची शोकेससमोर ठेवून, खुर्चीच्या पाठीपासून शोकेसच्या काचेपर्यंत ३१ इंच मोजून, हे तिच्यात बसले. गुडघे आरामात मावले. “उगाच ओरडतात लोक,” म्हणून त्यांनी तिथेच बसून बातम्या पाहिल्या, चहा घेतला, आणि सरावासाठी दोन तास बसून राहिले. मध्ये मला शोकेसमधून पाहुण्यांच्या कपबश्या काढायच्या होत्या, तर म्हणाले, “सीटबेल्टचा दिवा लागलाय.”

रात्री लेकीला हा पराक्रम सांगितला. ती इंजिनिअर. म्हणाली, “बाबा, ते अंतर पाठीपासून पाठीपर्यंत मोजत नाहीत. एका खुर्चीच्या एका खुणेपासून पुढच्या खुर्चीच्या त्याच खुणेपर्यंत मोजतात. म्हणजे मधल्या खुर्चीच्या पाठीची जाडी त्यातच आली. शिवाय पुढचा माणूस पाठ मागे टाकणार.” ह्यांनी फोन ठेवला आणि शोकेस चार इंच पुढे ओढली. मग पुढच्या माणसाची पाठ म्हणून मला एक उशी धरून उभं केलं. त्या रात्रीपासून ह्यांच्या स्वभावात एक प्रकारची विरक्ती आली.

रुंदीचं प्रकरण तर त्याहून शिकवणारं निघालं. बोइंग ७७७ हे विमान १९९५ साली उडायला लागलं तेव्हा त्यात इकॉनॉमीच्या एका ओळीत साधारणपणे नऊ माणसं बसत. विमान तेवढंच राहिलं, पण आज बहुतेक कंपन्या त्याच ओळीत दहा बसवतात. ७८७चंही तेच : बनवणाऱ्यांनी आठांची सोय मनात धरलेली, विकत घेणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी नऊ बसवले. लोक ह्याला कंपन्यांचं अर्थशास्त्र म्हणतात. ज्याने भोर-महाड एसटीत तिघांच्या बाकावर बसून चौथ्याचं “जरा सरकून घ्या” ऐकलंय, त्याला ह्यात नवीन काय? फरक एवढाच की एसटीतला चौथा माणूस वरंध्याच्या घाटानंतर उतरतो.

आता तक्त्यात ‘विमानाचा प्रकार’ हा नवा रकाना आला, आणि त्याच्या शेजारी, माझ्या आग्रहाने, ‘उंची’चा. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर असलं तरी आतली हवा तेवढी विरळ ठेवत नाहीत. पण जमिनीसारखीही ठेवत नाहीत. जुन्या धाटणीच्या विमानात ती साधारण ८,००० फुटांवर असावी तशी असते, ७८७मध्ये ६,००० फुटांवरची. आता हे आकडे कुणाच्या डोळ्यांसमोर उभे राहणार? मी शिक्षिकेच्या सवयीने रकान्यात लिहिलं : ‘उटीच्याही वर’ आणि ‘कळसूबाईच्या थोडं वर’. कळसूबाई ५,४०० फूट, उटी साडेसात हजारांच्या अलीकडे. म्हणजे सोळा तास कळसूबाईच्या माथ्यावर नऊ जणांनी खांद्याला खांदा लावून बसायचं आणि मध्ये कुणीतरी ट्रॉली घेऊन यायचं. ह्या चित्रात फक्त वारा नाही. उलट आतली हवा इतकी कोरडी असते की पापड वाळत घालावेत.

भाड्याचं सांगते. ह्यांना कुणीतरी सांगितलं होतं की आपण एकच तिकीट सारखं बघितलं की संगणकाला गरज कळते आणि भाव चढतो. माझा ह्यावर विश्वास नाही, आणि लेकीचाही नाही. ह्यांचा बसला. ज्यांनी मंडईत चाळीस वर्षं कोथिंबिरीच्या जुडीकडे बघायचं टाळून तिचा भाव विचारलाय, त्यांचा बसणारच. हे आधी दुसऱ्याच गावाची तिकिटं बघत. मेलबर्न, टोरांटो. मग सहज नजर गेल्यासारखं सॅन फ्रान्सिस्को. भाव ऐकून “छे!” असं मोठ्याने म्हणून खिडकी बंद करत, म्हणजे भाजीवाली जशी चार पावलं गेल्यावर हाक मारते तशी ती कंपनी मारेल. आणि सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्या दिवशी हाक आलीसुद्धा. ‘तुमची सहल तुमची वाट बघतेय’ अशी ईमेल. मेलबर्नची.

भाव का हलतो, ह्याचं खरं कारण लेकीने सांगितलं तेव्हा मात्र ह्यांच्यातला लेखापरीक्षक जागा झाला. विमानातल्या सारख्याच दिसणाऱ्या खुर्च्या कंपनीच्या खात्यात सारख्या नसतात. त्यांचे अक्षरांचे गट पाडलेले असतात, दर गटाचा भाव वेगळा, आणि स्वस्त गटात मोजक्याच खुर्च्या. त्या संपल्या की पुढचा गट. गंमत अशी की तुम्ही दोघांची तिकिटं एकत्र मागितलीत आणि स्वस्त गटात एकच खुर्ची उरली असेल, तर पुष्कळदा दोघांनाही महाग गटाचा भाव लागतो. हे ऐकल्यावर ह्यांनी एकट्याचं तिकीट शोधून पाहिलं आणि खरंच चार हजार रुपये कमी दिसले.

“मग मी स्वस्तात जातो, तू मागून महागात ये,” हे आनंदाने म्हणाले.

“मागून म्हणजे?”

“त्याच विमानात गं. हिशेबात मागून.”

मी विचारलं, दोन वेगळी तिकिटं म्हणजे उद्या काही गडबड होऊन एकाला दुसऱ्या विमानात घातलं तर? हे बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या गप्प बसण्यात चार हजारांचा विचार किती होता आणि माझा किती, हे मी अजून विचारलेलं नाही.

जेवणाचा रकाना सरळ वाटला होता. विशेष जेवण आधी सांगावं लागतं आणि त्याच्या यादीत ‘हिंदू मील’ असा पर्याय असतो. ह्यांनी नाव वाचून भक्तिभावाने त्यावर बोट ठेवलं. लेक किंचाळली, “बाबा, त्यात चिकन असतं! हिंदू म्हणजे फक्त बीफ नाही एवढंच.” आमच्या घरात तीन पिढ्यांत अंडं शिजलेलं नाही. ह्यांना धक्का बसला तो चिकनचा नव्हे, व्याख्येचा. आपल्याला हवं ते ‘एशियन व्हेजिटेरियन’, संक्षेपात एव्हीएमएल. जैनही मिळतं, त्याचे रसिक वेगळे.

इकॉनॉमी ह्या वर्गाचा जन्मच मुळी जेवणाच्या भांडणात झाला, हे मला ह्याच संशोधनात कळलं. १९५८ साली अटलांटिकवरून हा स्वस्त वर्ग सुरू झाला तेव्हा कंपन्यांनी आपसात नियम केला, की ह्या लोकांना फक्त सँडविच द्यायचं. साधं, थंड, स्वस्त. स्कँडिनेव्हियाच्या कंपनीने आपल्याकडची पद्धत म्हणून एकाच पावावर असा काही थाट रचला की पॅन अॅमने रीतसर तक्रार केली : हे सँडविचच नाही, हे जेवण आहे! सँडविच कशाला म्हणावं ह्यावर खल झाला आणि शेवटी स्कँडिनेव्हियावाल्यांना दंड झाला. गरिबाच्या पानात जास्त वाढलं म्हणून दंड! ही हकीकत मी ह्यांना सांगितली तर म्हणाले, “नियम म्हणजे नियम.”

ऑगस्टपर्यंत तक्ता अठ्ठावीस पानांचा झाला होता. गुण दिले, बेरजा झाल्या, आणि दुबई घराणं साडेतीन गुणांनी पहिलं आलं. भाडं कमी, सामान दोघांचं मिळून २३ किलोच्या चार बॅगा, मधला मुक्काम अडीच तास, चालायला फार लागतं पण ते सगळीकडेच लागतं. ह्यांनी क्रेडिट कार्ड काढून टेबलावर ठेवलं. बटण दाबायच्या आधी लेकीला फोन लावला.

ती म्हणाली, “छान. आई, डिंकाचे लाडू आणणारेस ना?”

“म्हणजे काय!”

“त्यात खसखस घालतेस?”

“घालतेच की. खारीक, खोबरं, खसखस, गोडंबी...”

पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, “आई, दुबईत खसखस चालत नाही. अफूच्या बोंडातलं बी म्हणून ती तिकडे अमली पदार्थांत धरतात. माणसं तुरुंगात गेलीत.”

ह्यांनी कार्ड परत पाकिटात घातलं. अठ्ठावीस पानं, बारा रकाने, आणि त्यात खसखस नव्हती! लेकीने समजूत घातली, की बॅग परस्पर पुढे जाते, कोण उघडतंय. पण ज्या माणसाने आयुष्यभर ‘कोण उघडतंय’ म्हणणाऱ्यांचीच कपाटं उघडली, त्याला हे कसं पटावं? “आणि मधलं विमान चुकलं तर? बॅग हातात दिली तर?” ह्यांच्या डोळ्यांसमोर दुबईचा तुरुंग उभा राहिला आणि त्यात डबा घेऊन बसलेली मी. दुबईवर फुली पडली. दोहावर शेजारचा म्हणून पडली. सिंगापूरलाही खसखशीला बंदी आहे असं निघालं, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचं ते एकुलतं एक घराणंही बुडालं. थेट विमान माणशी तीस हजारांनी महाग. उरलं फ्रँकफुर्ट. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर होता, त्यामुळे जर्मनीचा वाटेतला व्हिसा लागणार नव्हता. फ्रँकफुर्टचं भाडं दुबईपेक्षा माणशी ११,४०० रुपयांनी जास्त होतं. दोघांचे २२,८००. हे त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर स्वतंत्र खातं उघडून लिहिलं : ‘खसखस खाते. नावे रु. २२,८००.’

मी म्हटलं, “अहो, खसखस नाही घातली तर?”

“डिंकाचा लाडू आणि खसखशीशिवाय?” हे म्हणाले. “माझी मुलगी बाळंतीण आहे.” तिला बाळंतीण व्हायला आणखी तीन महिने होते, पण मी पुढे काही बोलले नाही.

जागा निवडताना ह्यांनी तीन खुर्च्यांच्या ओळीत खिडकी स्वतःला आणि कडेची मला घेतली. मधली कुणाला नको असते, ती रिकामी राहते, असा डाव. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकच ताकीद दिली : तारीख नीट बघा. त्यांच्या तिकिटावर १२ तारीख, रात्री दीड असं होतं, आणि ते दोघं १२ तारखेचं रात्रीचं जेवण करून शांतपणे विमानतळावर पोचले. विमान आदल्या रात्रीच गेलेलं. ह्यात चूक कुणाची म्हणायची? आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, विमान कंपनीचा मध्यरात्री. पंचांगाप्रमाणे काका-काकू वेळेवरच होते.

लाडू मी निघायच्या चार दिवस आधी केले. रात्री, निवांत. तोवर नवं संकट कळलं होतं : सुकं खोबरं २०२२पासून चेक-इन बॅगेत चालत नाही, तेलामुळे पेट घेतं म्हणून. किसून, भाजून लाडवात गेलं की ते खोबरं राहत नाही, लाडू होतो, असा निवाडा मी दिला. तरी डबा हातातल्या बॅगेतच घ्यायचा ठरला. हातातल्या बॅगेला आठ किलोंची मर्यादा, म्हणून हे दर अर्ध्या तासाने काटा घेऊन स्वयंपाकघरात.

“खसखस भाजलीस?”

“तुम्ही काटा बघा हो.”

मुंबईचा प्रवास, काउंटरवर उघडलेली बॅग, दोघांनी अंगावर चढवलेले दोन-दोन स्वेटर, हे सगळं ज्याने त्याने आपापलं आठवावं. विमानात मात्र ह्यांना वेगळाच घोर लागला. जागा शोधताना सोळा नंबरच्या ओळीनंतर एकदम अठरा आली. ह्यांनी मागे जाऊन पुन्हा मोजलं. हवाईसुंदरीला विचारलं. त्या जर्मन कंपनीच्या विमानांत १३ आणि १७ ह्या ओळीच नसतात. १३ अनेकांना अशुभ आणि १७ इटालियन लोकांना. “दोन ओळी कागदावर गहाळ,” हे माझ्या कानात म्हणाले, “आणि कुणाचा आक्षेप नाही!”

मधली खुर्ची रिकामी राहिली नाही. इचलकरंजीचा एक तरुण पोरगा आला, फ्रँकफुर्टला कंपनीच्या कामाला निघालेला. “काका, तुम्ही दोघं शेजारी बसा ना,” म्हणाला. ह्यांनी सांगितलं, “नको, ठरवून घेतलंय.” तो बिचारा रात्रभर एकदा ह्यांच्या खांद्यावर आणि एकदा माझ्या खांद्यावर झोपला. एव्हीएमएल सगळ्यांच्या आधी आलं, आणि सगळ्यांच्या आधी येण्याचा अर्थ असा की सगळ्यांच्या आधी संपतं आणि रिकामं ताट मांडीवर घेऊन आपण इतरांचं जेवण बघत बसतो. समोरच्या पडद्यावर नकाशा होता. मुंबईहून निघून आमचं चिमुकलं विमान आखाताकडे सरकत होतं. मस्कत आलं. मग पडद्यावर डाव्या हाताला ठळक अक्षरांत दुबई. ह्यांनी सीटबेल्ट आवळला, वरच्या कप्प्याकडे एकदा बघितलं आणि डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. मी निवांत सिनेमा बघत होते.

फ्रँकफुर्टला चालायला फार लागलं. लेकीने दोघांसाठी व्हीलचेअर सांगते म्हटलं होतं, तेव्हा हे चिडले होते. रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणारा माणूस खुर्चीत बसून जाणार? आता सरकते जिने, छोटी आगगाडी, पुन्हा तपासणी, आणि परत एक न संपणारी ओसरी. शेजारून व्हीलचेअरमधल्या आज्या झुळूझुळू पुढे जात होत्या. त्यांतली एक आमच्याच सोसायटीच्या गणपतीत गरबा खेळलेली असावी असा मला दाट संशय आहे. ह्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, “पर्वतीला वर देव तरी आहे.”

सॅन फ्रान्सिस्कोला कस्टमच्या माणसाने खाण्याचं काही आहे का म्हणून विचारलं. मी नुसतं “स्वीट्स” म्हणणार होते. ह्यांनी सगळं सांगायचं ठरवलेलं होतं.

“लाडूज,” हे म्हणाले. “फॉर डिलिव्हरी.”

“कोणाला डिलिव्हर करणार आहात?” त्याने त्याच्या भाषेत विचारलं. किती आहेत, विकायला आहेत का, असंही विचारलं. मी पोटावरून हात फिरवून खुलासा केला, तेव्हा तो माझ्याकडे आश्चर्याने बघायला लागला. लेकीचा फोटो दाखवल्यावर सुटलो. मग ह्यांनी घटक सांगितले. डिंकाला ‘गम’ म्हटल्यावर त्याला च्युइंगगम वाटलं, म्हणून दुरुस्ती केली : “ईटेबल ग्लू.” आणि मग, तुरुंगाची भीती गेल्याच्या मोकळेपणाने, छाती काढून : “अँड पॉपी सीड्स.”

“ओह,” तो म्हणाला, “बेगलवर असतात तशा.” अमेरिकेत ती पावावर लावून राजरोस खातात. त्याने डबा उघडला, एक लाडू हातमोज्यात धरून उजेडात फिरवला. “मला तर दिसत नाहीयेत.”

“ग्राइंडेड,” हे किंचित दुखावून म्हणाले. मी छताकडे बघत होते. छत चांगलं उंच आहे तिथलं.

नात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. लेक घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिला लाडू दिला. समोर सोफ्यावर हे जावयाला वही उघडून दाखवत होते. दुबई कशी हुकली, फ्रँकफुर्ट कसं ठरलं, २२,८०० कसे सत्कारणी लागले. जावई भला आहे. तो बारावा रकाना नीट वाचत होता.

लेकीने एक घास खाल्ला, चावला, थांबली. “आई, ह्यात...”

“खा गं तू.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग बाबाकडे, मग वहीकडे. एकतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला सांगावं लागत नाही, की मुंबईहून युरोपला जाणारं विमान आखातावरून जातं. वाटेत कुणा म्हाताऱ्याच्या छातीत दुखलं तर ते कुठे उतरवतील ह्याचा काही नेम नसतो. भाजलेली खसखस बरणीत भरून मी पुण्यालाच ठेवली होती, तांदळाच्या डब्यामागे.

“कशी लागतेय खसखस?” ह्यांनी तिकडून विचारलं.

लेकीने घास गिळला. “मस्त, बाबा.”

ह्यांनी खिशातून पेन काढलं, वहीचं शेवटचं पान उघडलं, खसखस खात्यापुढे ‘तपासले’ असं लिहिलं आणि खाली बारीक सही केली.